राख, तूस आणि उकिरडा

निफाड तालुक्यातल्या विंचुरात एके काळी कुणाची शेती कशी पिकत असेल हे बघायला शेतावर जावं लागत नसे. परसातला उकिरडा पाहिला की अंदाज यायचा. गाय, बैल, दोनचार शेळ्या आणि एक खुराडं, यांचं जे काही निघे ते सगळं तिथे जाई. खुराड्याचं खातं आमच्याकडे आजीचं होतं. पहाटे ती फळी सरकवून कोंबड्या मोकळ्या करी, खराट्याने विष्ठा ओढून पाटीत भरी आणि चुलीतली गार राख आत पसरी. कोंबड्यांचं अंथरूण म्हणजे ती राखच. राख ओल शोषून घ्यायची, आणि कोंबड्या तिच्यातच लोळून अंगावरच्या उवा-पिसवा झाडायच्या.

पाटीतलं कोंबडखत मात्र ती एका जागी कधी ओतत नसे. शेण, कांद्याची पात, गव्हाचं काड यांच्यावर ते पातळ पसरून वर पुन्हा शेण टाकी. ‘ते उष्ण असतं, एका जागी पडलं की जाळतं,’ एवढंच सांगायची. तिचं म्हणणं अगदी खरं होतं. कुजलेल्या शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं, कोंबडखतात ते तीन टक्क्यांपर्यंत जातं. आणि ताज्या विष्ठेतल्या युरिक आम्लाचा अमोनिया झपाट्याने होतो. वांग्या-मिरचीच्या मुळाशी असं ताजं खत पडलं की रोप करपलंच. काडाबरोबर थरांनी कुजवलं की तेच नत्र ढिगातल्या जिवाणूंच्या कामी येतं.

सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरला राहून थरांच्या खताची जी पद्धत बसवली, तिच्यामागे भारतीय शेतकऱ्यांची जुनी रीतही होती. आपल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी तेच काम विटांच्या भोकाभोकांच्या टाक्यात आणलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं ते टाकं त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून खेडोपाडी पोचलं. पुरुषांच्या नावाने पद्धती नोंदल्या गेल्या याचं दुःख नाही. पण विंचूर-लासलगावच्या परसांत रोज पाटी वाहणाऱ्या बायकांचं हेच ज्ञान कुणी विचारून लिहून घेतलं नाही, याची मला फार चुटपुट लागते.

अक्षय्य तृतीया झाली की उकिरडा फोडायचे. वरचं कोरडं बाजूला सारलं की आत काळंभोर, भुसभुशीत खत, आणि त्याला मातीचा वास. बैलगाड्या भरभरून ते रानात जाई.

त्या काळात सगळंच चांगलं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. कोंबड्यांवर मानमोडीचा (राणीखेत) रोग आला की चार दिवसांत खुराडं रिकामं व्हायचं. आज लासोटा लशीच्या थेंबांनी जो टळतो, त्या रोगापुढे आजी हात जोडून बसायची. उकिरडा उघडा असल्याने पावसाळ्यात त्यातलं सत्त्व वाहून जाई. आणि राख क्षारधर्मी, त्यामुळे थोडं नत्र तीही हवेत घालवत असणार.

मग घरोघर गॅस आला आणि पहिल्यांदा राखच संपली. ट्रॅक्टर आले, बैल गेले. 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, आणि गावोगावचे उकिरडे वस्तीबाहेर गेले. ते व्हायलाच हवं होतं. माश्या आणि रोगराई कमी झाली. पण त्याबरोबर परसातलं खत करण्याची सवयही गेली. निफाड तालुक्यात ब्रॉयलरच्या शेड उभ्या राहिल्या, द्राक्षबागा वाढल्या, आणि कोंबडखत ही ट्रॉलीने विकत आणायची वस्तू झाली. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबडीच्या नावानेच लोक दचकू लागले. घरच्या चार कोंबड्याही मग कित्येकांनी ठेवल्या नाहीत.

आता पुन्हा परसात गावठी कोंबड्या दिसू लागल्या आहेत, पण राखेच्या जागी गादी आहे. घोटी-इगतपुरीकडच्या भातगिरण्यांचं तूस आणून तीन-चार इंच पसरतात. ही गादी मला मनापासून आवडते, कारण ती नीट सांभाळली तर शेडमध्येच अर्धं खत तयार होतं. तिची परीक्षा मुठीत होते. मूठ दाबल्यावर गोळा घट्ट राहिला तर ओल जास्त, नुसती धूळ उडाली तर फार कोरडं; गोळा होऊन लगेच फुटला की बरोबर. पाण्याच्या भांड्याभोवतीचं तूस आधी ओलं होतं, तेवढं रोज काढून टाकावं आणि बाकीची गादी दोनतीन दिवसांनी खालीवर करावी. ओल्या गादीतच रक्ती हगवण बळावते. निफाडची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. डिसेंबरात गोणपाटाचे पडदे रात्रभर घट्ट बंद ठेवले की सकाळी डोळे चुरचुरतात. तो अमोनिया आपल्याआधी पिलांच्या छातीत गेलेला असतो. पडद्याची वरची वीतभर फट उघडी हवीच. वास आला की चुना टाकतात, पण चुन्याने अमोनिया आणखी सुटतो. मूठभर सुपर फॉस्फेट तोच अमोनिया धरून ठेवतं आणि पुढे खतालाही उपयोगी पडतं.

गादी काढल्यावर ती सरळ वाफ्यात जाऊ नये. विंचूरला कांद्याचा उपबाजार आहे, घरोघरी कांदाचाळी आहेत. टरफलं आणि सडका कांदा यांना तोटा नाही. त्यात मक्याची ताटं आणि द्राक्षाच्या छाटणीच्या बारीक केलेल्या काड्या मिसळून ढीग लावला, तो पिळलेल्या फडक्याइतका ओला ठेवला, की आठवड्यात आतली उष्णता पंचावन्न-साठ अंशांवर जाते. सडक्या कांद्यावरची काळी बुरशी आणि गाजरगवताचं बी तिथे मरतं. मात्र पंधरवड्याने पलटी देऊन बाहेरचं आत गेलं पाहिजे. तूस स्वतः लवकर कुजत नाही, पण आपल्या चिकट काळीला ते मोकळं ठेवतं.

द्राक्षबागांच्या चारीत कच्चं कोंबडखत ओतलेलं पाहिलं की मला राहवत नाही. क्षार वाढतात, पांढरी मुळी जळते, बांधावर माश्या घोंगावतात. ऑक्टोबर छाटणीला खत हवं असेल तर ट्रॉली सप्टेंबरात बोलावून चालत नाही. ती मे अखेरीस आणून, काडीकचऱ्यात मिसळून, जूनच्या पहिल्या पावसाआधी ताडपत्रीखाली ढीग लागलेला हवा.