वाळवंटात दोन किलोवॅट!

ना खांब, ना वायर, ना प्लग पॉइंट. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या माळावर ट्रेलर उभा करून चार दिवस राहायचं, तर वीज सोबत न्यावी लागते. तीही शेजाऱ्यांची झोप न मोडता...

जनरेटर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? लग्नाच्या हॉलमागे धडधडणारं, काळा धूर ओकणारं एक धूड. आणि इन्व्हर्टर म्हटलं की? दाराआडचा तो डबा आणि त्याच्या शेजारी कायम पाणी मागणारी बॅटरी. भारनियमनाच्या दिवसांत वाढलेल्या आपल्या पिढीला दोन्ही अगदी तोंडपाठ. पण या दोघांचं लग्न लागलं तर? जे अपत्य होईल ते साधारण वीस-एकवीस किलोचं, सुटकेससारखं हँडल धरून उचलता येणारं आणि आपण गप्पा मारतो तेवढ्याच आवाजात काम करणारं! त्याचं नाव इन्व्हर्टर जनरेटर. अमेरिकेत ट्रेलर घेऊन रानावनात जाणाऱ्यांचा हा एकदम जिगरी दोस्त.

हुक-अप नसलेल्या, म्हणजे वीज, पाणी, ड्रेनेज यातलं काहीही नसलेल्या जागी मुक्काम करणं याला इथे ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. शब्द मूळचा फिलिपिन्सचा. तिथल्या टागालोग भाषेत ‘बुंडोक’ म्हणजे डोंगर. अमेरिकन सैनिकांनी तो उचलून घरी आणला. आणि या बूनडॉकिंगची पंढरी म्हणजे क्वार्ट्झसाइट.

हाजी अलीचं गाव

फिनिक्सहून आय-१० हायवेनं पश्चिमेला साधारण दोनशे किलोमीटर गेलं की हे गाव लागतं. पुढे तीसेक किलोमीटरवर कोलोरॅडो नदी, नदीपलीकडे कॅलिफोर्निया. गावाची वस्ती जेमतेम अडीच हजार. पण हिवाळ्यात चमत्कार होतो. कॅनडा आणि उत्तरेकडच्या राज्यांतल्या थंडीला कंटाळलेले लोक, ज्यांना इथे ‘स्नोबर्ड्स’ म्हणतात, आपापली घरं चाकांवर घेऊन इथे उतरतात. जानेवारीत रत्नं आणि दगडांचे बाजार भरतात, मोटरहोम्सचा मोठा तंबू लागतो. २०२१ साली ऑस्कर जिंकलेला ‘नोमॅडलँड’ पाहिला असेल, तर हा माळ तुम्ही आधीच पाहिलाय. त्यातला काही भाग इथेच चित्रित झालाय.

गावातलं मुख्य ‘देऊळ’ म्हणजे एक थडगं. दगडी पिरॅमिड आणि वर धातूचा उंट! १८५६ मध्ये अमेरिकन सैन्यानं वाळवंटातल्या वाहतुकीसाठी उंट आणायचा प्रयोग केला. उंटांबरोबर उंटवालेही आले. त्यांच्यातला एक हाजी अली. अमेरिकन जिभेला ते नाव काही झेपेना, म्हणून त्याचा झाला ‘हाय जॉली’. प्रयोग बारगळला, हाजी अली मात्र इथलाच झाला. १९०२ मध्ये तो इथेच वारला. १९३५ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. मुंबईहून इतक्या लांब हाजी अली भेटल्यावर आईनं तिथे हात जोडले, हे वेगळं सांगायला नकोच.

गावाच्या दक्षिणेला ‘ला पोसा’ नावाचा केंद्र सरकारच्या जमिनीचा अफाट पट्टा आहे. अकरा हजार एकरांहून मोठा. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा इथला सीझन. परवाना घ्यायचा आणि आवडेल तिथे ट्रेलर लावायचा. ना रांगा, ना नंबर. आजूबाजूला क्रिओसोटची झुडपं, मधूनच एखादा हात वर केलेला सग्वारो निवडुंग, संध्याकाळी डोम रॉक डोंगरांमागे जांभळं होत जाणारं आकाश आणि अंधार पडला की लांबून कोल्ह्यांच्या चुलतभावांची, म्हणजे कायोटींची, कुई. बॉस, सॉलिड जागा आहे!

बाबांची अट

आम्ही दोघं इथे याआधी येऊन गेलोय. आमचा बावीस फुटी सेकंडहँड ट्रेलर, दोन खुर्च्या आणि खिचडी. दिवे गेले तर मेणबत्ती. पण या वेळी नाशिकहून आई-बाबा आले होते, आणि बाबांना स्लीप ॲप्निया आहे. झोपेत श्वास अडकतो, म्हणून रोज रात्री सीपॅप मशीनचा मास्क लावून झोपायचं. मशीन रात्रभर हवेचा दाब देतं आणि घसा मिटू देत नाही. डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय, एक रात्रही चुकवायची नाही.

‘‘तुम्ही दोघं जा. मी आणि तुझी आई गावातल्या मोटेलात राहतो,’’ बाबा म्हणाले.

‘‘बाबा, मग कशाला जायचं? तारे बघायलाच तर चाललोय ना?’’

‘‘तारे बघायला मी तयार आहे गं. रात्री दहानंतर तिथे जनरेटर लावता येत नाही, असं तूच म्हणालीस. मग मशीन कशावर चालणार?’’

प्रश्न बरोबर होता. ला पोसामध्ये रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते. म्हणजे मशीनला वीज लागते नेमकी तेव्हाच जनरेटर गप्प! उत्तर एकच, दिवसा वीज कमवायची, बॅटरीत साठवायची आणि रात्री खर्चायची. बाबांची सगळी नोकरी वीज मंडळात गेलेली. त्यांनी वही मागितली आणि डायनिंग टेबलवर हिशेब मांडला.

सीपॅपचा ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर आणि कोमट करणारा भाग, सगळ्यात जास्त वीज खातो. तो बंद ठेवून मशीन थेट बारा व्होल्टच्या केबलवर लावलं, तर त्याला साधारण तीस वॉट लागतात. आठ तासांचे झाले २४० वॉट-तास. ह्युमिडिफायर बंद ठेवायला बाबांच्या डॉक्टरांनी फोनवर होकार दिला होता. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. तो रात्रभर चालू-बंद होत एकूण साडेतीन तास फिरला तर ३०० वॉट-तास. दिवे, पाण्याचा पंप, मोबाइल आणि अलार्म मिळून ८०. बेरीज ६२०.

ट्रेलरमध्ये १०० अँपिअर-तासांच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. कागदावर त्यांचे २४०० वॉट-तास होतात. पण अशी बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य घटतं. म्हणून हाताशी धरायचे १२००. ‘‘जवळजवळ दुप्पट आहे,’’ बाबांनी पेन खाली ठेवलं. ‘‘मोटेल कॅन्सल कर.’’

डब्यात असतं तरी काय?

साधा जनरेटर अडाणी असतो. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडची ५०ची. ती बरोब्बर मिळावी म्हणून त्याचं इंजिन एकाच वेगानं, इथे बहुतेक वेळा मिनिटाला ३६०० फेऱ्यांनी, पळत राहतं. एक बल्ब लावा नाहीतर दहा, धडधड तीच. इन्व्हर्टर जनरेटर मात्र इंजिनकडून आधी जमेल तशी वीज घेतो, तिचं डीसी करतो आणि मग इलेक्ट्रॉनिक्सच्या मदतीनं स्वच्छ, गुळगुळीत एसी बनवतो. त्यामुळे इंजिनाला कामापुरतंच पळायची मुभा मिळते. लोड कमी की इंजिन हळू. आवाज कमी, पेट्रोलही कमी. आणि लॅपटॉपसारख्या नाजूक वस्तूंनाही ही वीज मानवते.

या वर्गातला सगळ्यात परिचित म्हणजे होंडाचा ईयू२२००आय. त्याचं उदाहरण घ्या. नावात २२०० असलं तरी सतत मिळतात १८०० वॉट. टाकी साडेतीन लिटरच्या थोडी वर. पाव लोडवर एका टाकीत आठ तास, पूर्ण लोडवर तीन. आवाज ४८ ते ५७ डेसिबल.

आता १८०० वॉट म्हणजे किती? इथेच खरी मजा आहे. मायक्रोवेव्हवर १००० लिहिलेलं असलं तरी तो ओढतो दीड हजाराच्या आसपास. ट्रेलरमधला बॅटरी चार्जर सुरुवातीला सहा-सातशे घेतो. दोन्ही एकदम लावले की जनरेटरचा लाल दिवा पेटलाच! म्हणून बाबांनी ट्रेलरमध्ये चक्क भारनियमनाचं वेळापत्रक लावलं. मायक्रोवेव्ह चालू, तर चार्जरचा ब्रेकर बंद. मिक्सर फिरतोय, तोवर किटली नाही. आई वैतागून म्हणाली, ‘‘तीस वर्षं लोकांची वीज घालवलीत, आता माझी!’’

छतावरचा एसी चालवायचा विचार असेल, तर सुरू होतानाचा झटका या एकट्या जिवाला पेलत नाही. एक तर एसीला सॉफ्ट-स्टार्ट बसवायचा, नाहीतर दोन जनरेटर केबलनं जोडायचे. जानेवारीत आम्हाला त्याची गरजच नव्हती.

आमचं रूटीन ठरून गेलं. सकाळी आठला जनरेटर सुरू (सहाला परवानगी असली तरी शेजाऱ्यांच्या साखरझोपेचाही विचार करावा!). दोन तासांत पोहे, चहा, चार्जिंग. संध्याकाळी सात ते पावणेनऊ पुन्हा एकदा. दोन हप्ते का? कारण लेड-ॲसिड बॅटरी सुरुवातीला भराभर पिते आणि शेवटचा घोट घोट करत तासन् तास लावते. त्या शेवटच्या घोटांसाठी इंजिन चालवणं परवडत नाही. ते काम छतावरच्या सोलर पॅनेलवर सोडायचं.

दुसऱ्या रात्री पारा चार अंशांवर उतरला. हीटरचा पंखा सारखा चालू. पहाटे पाचला मला जाग आली आणि मी आधी व्होल्टमीटर पाहिला. १२.३. म्हणजे अजून पुरेशी शिल्लक होती. बाहेर मिट्ट काळोख, माळावर चिटपाखरू नाही आणि आत बाबांच्या मास्कचा तो संथ, एका लयीतला सुस्कारा. मी पुन्हा झोपले.

न दिसणारा पाहुणा

तिसऱ्या संध्याकाळी आमच्या शेजारी तीन मुलं भाड्याचा ट्रेलर घेऊन आली. भुरभुर पाऊस सुरू झाला म्हणून त्यांनी जनरेटर ट्रेलरच्या दाराशी, छपरीखाली ओढला. वरची खिडकी उघडी. बाबा खुर्चीतून उठले.

‘‘सांगून ये त्यांना.’’

‘‘बाबा, इथे असं कुणी कुणाला सांगत नाही...’’

‘‘मग उद्या ॲम्ब्युलन्सवाल्यांना सांगणार आहेस का?’’

मी गेले. मुलं चांगली होती, त्यांना खरंच माहीत नव्हतं. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही. अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो, की एक पोर्टेबल जनरेटर शेकडो गाड्यांइतका कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो. मशीन छोटं आणि गोड दिसतं, म्हणून त्याचा धूर छोटा नसतो! मुलांनी लांब एक्स्टेन्शन काढली आणि जनरेटर वीस फूट दूर नेला. सकाळी आईनं त्यांना चिवडा पाठवला.

हे अमेरिकेतलंच दुखणं आहे असं समजू नका. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. एसीसाठी लावलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता, असं तपासात निघालं. आपल्याकडे महाराष्ट्रात २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलंय. उद्या तुम्हीही एखादी भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन धरणाकाठी वीकेण्ड काढाल. वीज हवी असेलच. तेव्हा हे कापून फ्रीजवर लावा.

निघण्याआधी

• जनरेटर गाडीपासून किमान वीस फूट दूर, धुराचं तोंड गाडीच्या आणि शेजाऱ्यांच्या उलट दिशेला. वारा फिरला की जागा बदला.

• गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. निघण्याआधी त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. झोपताना जनरेटर बंद.

• पावसात तो भिजू द्यायचा नाही, पण बंदिस्तही करायचा नाही. चारही बाजूंनी उघडं छप्पर चालतं.

• पेट्रोल भरण्याआधी इंजिन बंद करून थंड होऊ द्या. पेट्रोलचा कॅन राहत्या जागेत ठेवू नका.

• उंचीवर ताकद घटते, दर हजार फुटांमागे साधारण साडेतीन टक्के. हिल स्टेशनला जाताना तेवढा लोड कमी धरा.

• सोबत कुणाचं वैद्यकीय मशीन असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला, हिशेब कागदावर मांडा आणि एक रात्र घरीच बॅटरीवर चालवून बघा. आम्ही चँडलरच्या घराच्या ड्राइव्हवेमध्येच ट्रेलरमध्ये झोपून ही रंगीत तालीम केली होती.

• आणि शेजारचा चुकत असेल, तर लाजू नका. जाऊन सांगा. फार तर तो तोंड वाकडं करेल.