वीस वर्षांनी हाती आलेली कादंबरी

काही पुस्तके आपणहून आपल्या दारी येत नाहीत, त्यांच्यामागे हिंडावे लागते. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही जादूगाराची कादंबरी १९६८ साली निघाली. आम्हाला तिचा सुगावा लागला २००५ साली, आणि ती हाती आली गेल्या पावसाळ्यात.

तेव्हा आम्ही नुकतेच कारकून म्हणून लागलो होतो. वाचनालयातल्या एका इंग्रजी अंकात वाचले, की डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत या कादंबरीवर टीव्ही मालिका निघाली आणि लेखिकाच तिच्यावर नाराज झाली. कादंबरीचा नायक गेड हा तांबूस-सावळ्या रंगाचा, मालिकेत मात्र गोरा नट घेतलेला. लेखिकेने लेख लिहून जाहीर हरकत घेतली. कल्पनेतल्या माणसाच्या रंगासाठी भांडणारी ही बाई आम्हाला वाचावीशी वाटली. पण नवी प्रत परवडेना आणि वाचनालयात मिळेना. पुढे संसार, मुलांच्या फिया, वस्तीतली कामे. नाव मात्र डायरीत टिपलेले राहिले.

शेवटी फाउंटनच्या फुटपाथवर बी.कॉम.च्या जुन्या गाईडांखाली ती सापडली. मुखपृष्ठ गायब. विक्रेत्याने शंभर सांगितले, आम्ही साठ दिले. आमचे शिक्षण मराठी माध्यमातले, म्हणून शब्दकोश पिशवीत ठेवून लोकलमध्ये रोज आठ-दहा पाने वाचली. दोनदा आमचे स्टेशन मागे गेले.

चळवळीतल्या एका सहकाऱ्याने पुस्तक पाहून विचारले, "भाऊ, अंधश्रद्धेवर भाषणे देता आणि जादूगाराच्या गोष्टी वाचता?" प्रश्न रास्त होता. उत्तर पुस्तकातच आहे.

गेड हा गाँट बेटावरचा, कासाराचा मुलगा. आई तान्हेपणीच गेलेली, पोरगा शेळ्या राखणारा. त्याची जादू नवसाने किंवा अंगात येऊन मिळत नाही, ती शिकावी लागते. प्रत्येक वस्तूला एक खरे नाव आहे आणि ते कळल्याशिवाय तिच्यावर हुकमत चालत नाही. त्यासाठी रोक बेटावर विद्यालय आहे. तिथे नावांच्या याद्या पाठ कराव्या लागतात, मध्यरात्री कागदावरची शाई उडून जाते, आणि सकाळी नवी यादी. याला अंधश्रद्धा कसे म्हणावे? हा तर अभ्यास झाला.

त्याच विद्यालयात जॅस्पर नावाचा खानदानी मुलगा गेडला शेळ्या राखणारा म्हणून हिणवतो. ते पान वाचताना आम्हाला शब्दकोश लागला नाही. तुमच्या घरीही लागणार नाही. पण लेखिका तिथे थांबत नाही. टोमण्याला उत्तर म्हणून गेड नको ती विद्या वापरून बसतो आणि त्यातून एक काळी सावली मोकळी सुटते. ती त्याच्याच मागे लागते. अपमान खरा होता, तरी त्याच्या रागात केलेले काम आपल्यालाच निस्तरावे लागते, हे लेखिकेने उपदेश न करता दाखवले आहे. त्या सावलीचे पुढे काय होते ते सांगत नाही. तो आनंद तुमचा.

सर्वांत आवडला तो गेडचा मित्र व्हेच. या जगात आपले खरे नाव कोणी सहसा सांगत नाही, कारण नाव कळले की माणूस दुसऱ्याच्या हाती सापडतो. गेड आजारातून उठलेला, चेहऱ्यावर व्रण, सगळीकडून खचलेला. अशा वेळी व्हेच त्याला आपले खरे नाव सांगून टाकतो. आमच्या वडीलधाऱ्यांना नाव असून जन्मभर 'ए' आणि 'अरे' ऐकावे लागले. नाव विश्वासाने देणे आणि मानाने घेणे म्हणजे काय, हे आम्हाला वेगळे समजून घ्यावे लागले नाही. डोळे भरून आले, गर्दीत कोणाला दिसले नाही एवढेच.

आता रात्री जेवणे झाली की आम्ही ही गोष्ट मराठीतून सांगतो. सातवीतल्या मुलीने पुठ्ठ्याचे मुखपृष्ठ करून त्यावर गेड रंगवला. खडूंच्या डबीतला तपकिरी खडू संपला, घरची मंडळी म्हणाली, दुसरा आणा.

वाचकहो, मुले अशी पुस्तके मागू लागली तर 'भाकडकथा' म्हणून हटकू नका. सोबत बसून वाचा. या मालिकेचा दुसरा भाग १९७१ साली आणि तिसरा १९७२ साली निघाला. दोन्ही नावे डायरीत लिहून ठेवली आहेत. येत्या शनिवारी पुन्हा फाउंटनला चक्कर आहे.