पेरणीपुरता कागद

बार्शीटाकळीत वकिली करताना सर्वांत जास्त कागद हाताखालून गेले ते धुऱ्याचे आणि वहिवाटीचे. मे सरत आला, वखरणी आटोपली की माणसं येऊ लागतात. अडवलेला रस्ता मोकळा करा म्हणून 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज, धुऱ्यावरून नवा रस्ता द्या म्हणून महसूल संहितेच्या कलम 143 खाली दुसरा, मग अपील, मग दिवाणी दावा. बापानं लावलेला दावा लेक चालवतो.

असा तंटा मिटवायला मी बसत नाही. यंदाची पेरणी कशी होईल, एवढंच विचारतो. ‘मिटवा’ म्हटलं की दोघांनाही बापाची बाजू सोडल्यासारखं वाटतं आणि बैठक मोडते. 2007 च्या तंटामुक्त गाव मोहिमेनं पुष्कळ भांडणं गावातच संपवली, त्याचं मोल मोठं आहे; पण पिढीजात तंटा ‘मिटला’च्या रकान्यात सहसा बसत नाही.

आधी दोघांना घेऊन वावरात जातो. एका प्रकरणातल्या चुलतभावांची वाट बैलबंडीपुरती होती: दोन चाकोऱ्या, मधे गवत. ट्रॅक्टर आला, मागून हार्वेस्टर आलं, आणि वाट रुंदावत थोरल्याच्या तुरीत शिरली. त्यानं बोराटीचे काटे टाकून ती बंद केली.

“जा म्हनलं असतं ना मी. पन इचाराले काय झालं होतं?”

“आजा होता तवा इचारा लागे काय?”

दोघंही खरंच बोलत होते. आज्याच्या काळी बंडीला विचारावं लागत नव्हतं, आणि आताचं यंत्र न विचारता नेण्याजोगं नाही.

कागद झाला तो दिवाळीपुरता. वाटेकडची दोन तासं थोरल्यानं पेरायची नाहीत, तेवढं सोयाबीन धाकट्यानं द्यायचं. उभ्या पिकात फक्त पायी जायचं. शेवटी मी नेहमी लिहितो ते वाक्य: या कागदानं कुणाचा हक्क जात नाही, येत नाही, दावा आहे तसा राहील. ते वाचल्यावरच सह्या होतात.

एकमेकांच्या नावची जमीन बारा वर्षांहून जास्त काळ वाहणाऱ्यांसाठी 2023 पासून सलोखा योजना आहे. 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल होते. पण तिथं दोघांची संमती लागते, आणि ती बहुधा असे हंगामी कागद पाळता पाळताच तयार होते.

या चुलतभावांचा दावा अजून चालू आहे. यंदा अक्षय्य तृतीयेलाच येऊन त्यांनी कागदात एक अट वाढवून घेतली: हार्वेस्टर आणण्याच्या दोन दिवस आधी धाकट्यानं थोरल्याच्या घरी जाऊन सांगायचं, फोनवर नाही. अट सुचवली थोरल्याच्या बायकोनं.