नरवाईची राख

ग्वाल्हेरचा उन्हाळा म्हटला की परगावच्या आप्तांस लू आठवते, सायंकाळी उठणारी आंधी आठवते. या दोघींच्या जोडीला आता एक तिसरी पाहुणी येऊ लागली आहे. चैत्र-वैशाखात लष्करातील जुन्या वाड्यांच्या गच्च्यांवर कुरडया वाळत घातल्या जातात, आणि त्याच दिवसांत नखाएवढ्या काळ्या पापुद्र्यांची राख आभाळातून अलगद उतरू लागते. बोटाने उचलू जावे तर तिचा चुरा होऊन काळी रेघ तेवढी मागे राहते. ही राख कोणाच्या चुलीतली नसते. शहराबाहेर जळणाऱ्या नरवाईची ती असते. ज्या गव्हाच्या चिकाची कुरडई, त्याच गव्हाच्या धसकटांची राख तिच्यावर येऊन बसते.

पीक कापल्यावर शेतात उभे राहणारे बुडखे म्हणजे नरवाई. आपल्यापैकी ज्यांचे मूळ कोकणात आहे, त्यांस भाताच्या रोपांसाठी भाजला जाणारा राब ठाऊक असेल. पण राब हा वाफ्यापुरता. येथे शेतामागून शेत पेटत जाते, आणि वारा फिरला तर शेजाऱ्याचे उभे पीकही त्यात सापडते.

वर्षाचे गहू भरण्याच्या निमित्ताने आमचे डबऱ्याकडे जाणे होते. झांशीच्या रस्त्याने जौरासीच्या मारुतीस हात जोडावे, टेकनपूर मागे टाकावे, की शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर डबरा येते. पलीकडे भितरवारपर्यंतचा मुलूख हरसी धरणाच्या कालव्यांनी भिजलेला आहे. पावसाळ्यात भात आणि हिवाळ्यात गहू ही तेथील पिके. जवळच सिंध आणि पार्वती या नद्यांच्या संगमावर पवाया आहे. विदर्भाच्या भवभूतीने ‘मालतीमाधवा’ची कथा ज्या पद्मावती नगरीत घडविली, ती हीच असे विद्वान मानतात. अशा या रम्य प्रदेशात एप्रिलच्या सायंकाळी पाहावे, तो क्षितिजावर धुराचे खांब उभे, आणि रस्त्याच्या कडेची शेते काजळ फासल्यासारखी काळी.

ज्यांच्याकडून आम्ही गहू घेतो, त्या काकांस याविषयी विचारले. ते रागावले नाहीत. पूर्वी विळ्याने जमिनीलगत कापणी होई, खळ्यावर मळणी होई, आणि भुश्याची काडी न् काडी बैलांसाठी राखली जाई. आता बैल गेले, ट्रॅक्टर आले. कापणीला मजूर मिळत नाहीत. हार्वेस्टर काही तासांत शेत मोकळे करतो, पण हातभर उंचीची धसकटे उभी ठेवून जातो. ती कापून भुसा करणारे यंत्र मिळते, परंतु त्याची पाळी येईपर्यंत थांबावे लागते आणि भाडेही द्यावे लागते. भात निघाल्यावर गहू पेरण्यास तर जेमतेम काही आठवडे हाती असतात. आगकाडीला मात्र ना पाळी, ना भाडे.

वास्तविक ही आग फुकटची नव्हे. एक टन भाताचा पेंढा जळला की सुमारे साडेपाच किलो नत्र, पंचवीस किलो पालाश आणि चारशे किलो सेंद्रिय कर्ब त्यासोबत जातो, असे कृषिशास्त्रज्ञांचे गणित आहे. मध्य प्रदेश शासनाने २०१७ साली अडीच हजारांपासून पंधरा हजार रुपयांपर्यंत दंड ठरविला. २०२५ साली नरवाई जाळणाऱ्यांचे सहाय्य आणि हमीभावाची खरेदी बंद करण्याचे जाहीर केले. तरीही २०२४ सालच्या पावसाळ्यानंतरच्या हंगामात उपग्रहांनी या राज्यात सोळा हजारांहून अधिक आगी टिपल्या. पंजाबात त्या सुमारे अकरा हजार होत्या. धूर पंजाबचा, हा समज आता सोडावयास हवा.

गच्चीवर पडणारी राख झाडून टाकता येते. अपाय करतो तो न पडणारा कण. पीएम २.५ या नावाने ओळखला जाणारा हा कण माणसाच्या केसाच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढा असतो आणि थेट फुप्फुसांच्या तळाशी जातो. उन्हाळ्यात तापलेली हवा धूर वर उचलते, म्हणून तेव्हा राख दिसते. नोव्हेंबरात गार हवा जमिनीलगत साचून धुराला दाबून धरते. मग राख दिसत नाही, पण शंभर मीटर उंचीचा आपला किल्लाच सकाळी दिसेनासा होतो. मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या यादीत इराणच्या झाबोलखालोखाल ग्वाल्हेरचे नाव होते. वार्षिक सरासरी घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम, आणि देशाची मर्यादा ४०! यात वाहने, रस्त्यांची धूळ, कचऱ्याच्या आगी या सर्वांचाच वाटा आहे. दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

दोन शतकांहून अधिक काळ आपली घरे येथे नांदत आहेत. गच्चीवर पाणी शिंपडून, अंथरुणे टाकून, चांदण्यात गप्पा मारीत झोपणे हे या घरांचे उन्हाळ्यातील सुख. ज्या घरी दम्याचे वडीलधारे किंवा तान्हे मूल आहे, तेथे धुराच्या रात्री अंथरुणे खाली न्यावी लागतात आणि खिडक्या लावून घ्याव्या लागतात. सुख असे एकेका रात्रीने कमी होत जाते.

मुरारच्या लाल टिपारा येथील गोशाळेत सुमारे दहा हजार गुरे आहेत. तेथे २०२४ साली शेणापासून गॅस करण्याचा प्रकल्पही सुरू झाला. एवढी तोंडे शहरात चाऱ्याकडे पाहत असावीत आणि तासाभराच्या वाटेवर चारा जळत असावा, हे कोडे दंडाने सुटणारे नव्हे. भुश्याला शेताच्या बांधावरच भाव मिळाला, तर काडी ओढण्याचे कारणच उरणार नाही. आपण वर्षाचे गहू भरताना दाणा चावून पाहतो, ओलावा पाहतो, भावाची घासाघीस करतो. त्याच वेळी या शेताच्या नरवाईचे काय केले, हेही विचारावे. आणि ज्याने ती न जाळता भुसा केला, त्याला किलोमागे चार पैसे अधिक द्यावयास मागेपुढे पाहू नये. त्याच्या शेतातील हवाच आपल्या घरी येते.