मित्रबुरशी, शत्रुबुरशी

रब्बीच्या हरभऱ्याला पेरणीआधी गुळाच्या पाण्यात कालवलेलं जिवाणू संवर्धक हलक्या हातानं चोळायचं, बी सावलीत सुकवायचं आणि वापसा मोडायच्या आत पेरून मोकळं व्हायचं. बियाण्याला तशीच चोळतात त्या ट्रायकोडर्माला आपण मित्रबुरशी म्हणतो. मर रोग आणणारी फ्युजॅरियम अर्थातच शत्रू. आपल्याला अशी सरळ वाटणी आवडते. माती ती मानत नाही.

मुळाच्या अंमलाखालच्या मातीला लोरेन्झ हिल्टनर यानं १९०४ साली ‘ऱ्हायझोस्फिअर’ म्हटलं. मूळ तिथं साखर आणि आम्लं पाझरत असतं, आणि खाणारे जमतात. झाडाला लागणारा स्फुरद मातीत असतो, पण बराचसा जखडलेला. मुळांशी जोडून राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे तंतू मुळांच्या केसांहूनही बारीक. मूळ पोचत नाही तिथं ते शिरतात. सेंद्रिय स्फुरद फोडायची हातोटी मात्र त्यांच्यात फारशी नाही, ती जिवाणूंकडे. मग झाडाकडून मिळालेल्या साखरेतली थोडी बुरशी तंतूंबाहेर सोडते. तिच्यावर पोसलेले जिवाणू तंतूंवरच्या पाण्याच्या पातळ थरातून पोहत पुढं जातात आणि स्फुरद मोकळा करतात. याला बलुतेदारी म्हणावंसं वाटतं. पण बलुतेदारीत तरी सगळं गोडीगुलाबीनं कुठं चालायचं? स्युडोमोनास जिवाणू बुरशीला मारणारं रसायन बनवतो, तर काही फ्युजॅरियम बुरश्या फ्युजॅरिक आम्ल सोडून त्याचा तो कारखानाच बंद पाडतात.

सगळ्यांत चक्रावून टाकणारी गोष्ट भाताच्या रोपांची. ऱ्हायझोपस बुरशी लागली की रोपांची मुळं सुजतात, वाढ खुंटते. पेशींचं विभाजन रोखणारं ऱ्हायझॉक्सिन हे विष बुरशीचंच, असं धरून सगळे चालले होते. २००५ साली लैला पार्टिडा-मार्टिनेझ आणि ख्रिश्चन हर्टवेक यांनी दाखवलं, की ते बनवतो बुरशीच्या पेशींत राहणारा जिवाणू. प्रतिजैविकानं त्याला काढून टाकलं, की बुरशी बिनविषारी. शत्रू सापडला म्हणावं, तर दोनच वर्षांनी पुढचं कळलं: जिवाणू गेला की बुरशीला बीजाणूही धरत नाहीत. पुन्हा आत सोडला, की धरतात. तिची वीण त्याच्या हाती, आणि त्याचा प्रवास तिच्या. कारण त्याच बीजाणूंत बसून तोही पुढच्या पिढीत जातो.