कर्मणी प्रयोगातला दिग्दर्शक

गोंदिया हे रुळांचे गाव आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग येथून जातो, एक फाटा बालाघाटमार्गे जबलपूरकडे वळतो आणि दुसरा नागभीडमार्गे चांदा फोर्टकडे. दोन्ही फाट्यांवर एके काळी छोट्या रुळांच्या गाड्या धावत. परिसरातल्या कुणालाही बंद फाटकापाशी घालवलेल्या वेळेचे वर्णन करून सांगावे लागत नाही. येथील एका महाविद्यालयात मराठीच्या पदव्युत्तर वर्गाला ‘अछूत कन्या’ (1936) दाखवण्यात आला, तेव्हा विद्यार्थ्यांची पहिली पकड बसली ती देविका राणीवर नव्हे, अशोक कुमारवरही नव्हे. ती फाटकावर बसली. चित्रपटाच्या आरंभी एक मोटार बंद फाटकाशी येऊन थांबते, जवळच एका स्त्रीचे स्मारक दिसते आणि त्या स्त्रीची कथा सांगितली जाते. ती कस्तुरी, फाटकवाल्या दुखियाची मुलगी, जन्माने अस्पृश्य.

वर्गातल्या एका विद्यार्थिनीचे वडील रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होते. चर्चेत तिने एक साधी गोष्ट सांगितली. फाटकवाला मोटारवाल्याला थांबवतो, बैलगाडीवाल्याला थांबवतो आणि वरातीलाही थांबवतो. त्याने दांडा पाडला की गावातल्या थोरामोठ्यांना मुकाट्याने उभे राहावे लागते. मात्र त्याच थोरामोठ्यांच्या ओसरीवर त्याला पाऊल ठेवता येत नाही. निरंजन पाल यांची मूळ कथा ‘लेव्हल क्रॉसिंग’ या नावाची होती, हे तिला ठाऊक नव्हते. तरीही कथेचे मर्म तिने नेमके पकडले होते. रस्ता आणि रूळ जेथे एका पातळीवर येतात, तेवढीच काय ती त्या गावातली समपातळी. दुखिया ब्राह्मण मित्राच्या उपचारासाठी गाडी अडवतो आणि नोकरी गमावतो. सरकारने दिलेला अधिकार त्याने सरकारसाठीच वापरायचा असतो, मैत्रीसाठी नव्हे. समीक्षेच्या परिभाषेत ज्याला संहितेतील अंतर्विरोध म्हणतात, तो या मुलीने घरच्या अनुभवातून वाचला.

त्यानंतर श्रेयनामावलीचा प्रश्न निघाला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन. एक विद्यार्थी म्हणाला, ‘सर, हा माणूस जर्मन. त्याला हिंदी येत होती का?’ हिंदी येत नव्हती. म्युनिकला 1876 साली जन्मलेला हा दिग्दर्शक हिमांशू राय यांच्यासाठी प्रथम मूकपटांच्या काळात भारतात आला. ‘प्रेम संन्यास’ (1925), ‘शिराज’ (1928) आणि ‘प्रपंच पाश’ (1929) हे ते तीन मूकपट. मूकपटात भाषेची अडचण नव्हती. पुढे 1934 साली मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली आणि 1935 ते 1939 या काळात ऑस्टेनच्या नावावर सोळा हिंदी बोलपट जमा झाले. संवाद जे. एस. काश्यप यांचे, संगीत सरस्वतीदेवी या नावाने वावरणाऱ्या पारशी संगीतकार खुर्शीद होमजी यांचे, कॅमेरा म्युनिकच्याच योझेफ विरशिंगचा, नेपथ्य कार्ल फॉन श्प्रेटीचे. (हे श्प्रेटी पुढे पश्चिम जर्मनीचे राजदूत झाले आणि 1970 साली ग्वाटेमालात अपहरणकर्त्यांच्या हातून मारले गेले. चित्रपटाच्या इतिहासातली माणसे कुठे जाऊन पोहोचतात, याला धरबंध नसतो.) दुभाष्यांच्या आणि साहाय्यकांच्या मार्फत सूचना देणाऱ्या दिग्दर्शकाला नटीच्या तोंडचा एकही शब्द थेट कळत नव्हता. मग हा चित्रपट कुणाचा?

मराठी समीक्षेने ‘लेखकाचा मृत्यू’ ही संकल्पना फ्रान्समधून मोठ्या उत्साहाने आणली. मराठी व्याकरणात या प्रश्नाचे एक जुने उत्तर पडून आहे, त्याकडे मात्र फारसे कुणी वळले नाही. ‘पाल यांनी कथा लिहिली’, ‘विरशिंगने दृश्ये टिपली’, ‘ऑस्टेनने चित्रपट केला’ ही सारी वाक्ये कर्मणी प्रयोगातली आहेत. भूतकाळात सकर्मक क्रिया पूर्ण झाली की मराठीत कर्ता तृतीयेत जातो आणि क्रियापद त्याचे ऐकेनासे होते. लिंग आणि वचन ते कर्माकडून घेते. कथा ‘लिहिली’ जाते, चित्रपट ‘केला’ जातो, कर्ता पुरुष असो वा स्त्री, एक असो वा दहा. पूर्ण झालेल्या कृतीवर कर्त्याची सत्ता चालत नाही, हे मराठी बोलणारा प्रत्येकजण बार्थ न वाचता पाळत आला आहे. ‘अछूत कन्या’ ऑस्टेनने केला, पण त्या चित्रपटातले क्रियापद ऑस्टेनच्या म्युनिकप्रमाणे चालत नाही. ते चालते कस्तुरीप्रमाणे आणि फाटकाप्रमाणे. फांदीवर बसून गाणाऱ्या त्या दोघांच्या अनभ्यस्त गळ्यांचा भोळेपणा कुठल्या जर्मन शिस्तीत बसणारा नव्हता. तो पडद्यावर टिकला, कारण दिग्दर्शकाने तेथे हात घातला नाही.

येथपर्यंत वाद सोयीचा आहे. परंतु ऑस्टेन नाझी पक्षाचा सभासद झाला तेही 1936 सालीच. वर्गात हे सांगितले गेले तेव्हा काही काळ कुणी बोलले नाही. जर्मनीत न्यूरेंबर्गचे वंशशुद्धीचे कायदे होऊन वर्षही लोटले नव्हते. आणि त्याच वर्षी मालाडच्या स्टुडिओत हा गृहस्थ जन्मावरून माणसाला अस्पृश्य ठरवणाऱ्या समाजाचा निषेध करणारा चित्रपट दिग्दर्शित करीत होता. ‘कर्त्याला बाजूला ठेवा, संहिता वाचा’ हा सल्ला अशा ठिकाणी फार सुखाचा वाटू लागतो, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल संशय बाळगला पाहिजे. कर्मणी प्रयोगात कर्ता दूर जातो, पण नाहीसा होत नाही. ‘ने’ आणि ‘नी’ हे प्रत्यय त्याला वाक्यात धरून ठेवतात. क्रियापद त्याचे नसेल, क्रिया मात्र त्याचीच असते.

दोन्ही गोष्टी एका माणसात कशा राहू शकल्या, याचे उत्तर बहुधा त्या माणसात शोधण्यापेक्षा चित्रपटातच शोधावे. ‘अछूत कन्या’ प्रेक्षकाकडे काय मागतो? करुणा मागतो. कस्तुरी कुणाला जाब विचारीत नाही. रुळांवर दोन पुरुषांची झोंबी चाललेली असताना ती गाडी अडवायला धावते, चिरडली जाते आणि मग तिचे स्मारक होते. फाटकवाल्याच्या त्या मुलीचे एक वाक्य असे होते: ‘तिला देवी केलं सर, माणूस नाही केलं.’ करुणा ही अशी भावना आहे, की ती मनात बाळगताना कुठलेही सभासदत्व सोडावे लागत नाही. त्याच 1936 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी तयार केलेले भाषण, परिषदच रद्द झाल्यामुळे, स्वतः छापून प्रसिद्ध केले. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ करुणा मागत नाही. येवल्याची घोषणा त्याआधी, ऑक्टोबर 1935 मध्ये झाली होती. गोंदियाच्या विद्यार्थ्यांना ही नावे ग्रंथालयातून आलेली नाहीत. 1954 साली बाबासाहेब ज्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, तो याच मुलखातला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा 1999 साली झाला. एकाच वर्षाच्या या दोन संहिता शेजारी ठेवल्या की चित्रपटाचा निषेध किती दूर जातो आणि कुठे थांबतो हे दिसते. तो थांबतो तेथपर्यंत ऑस्टेनला जाता आले. त्यापुढे जायचे असते तर त्याला काय सोडावे लागले असते, हा प्रश्न त्याच्यासमोर कधी आलाच नाही.

मुंबईत त्याच सुमारास दुसरा एक जर्मन भाषिक पटकथाकार येऊन पोहोचला, आणि त्याची गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जवळची आहे. विली हास हा प्रागचा ज्यू, 1891 चा जन्म. मुर्नाऊच्या आणि पाब्स्टच्या मूकपटांसाठी त्याने पटकथालेखन केले. ग्रेटा गार्बोची भूमिका असलेला पाब्स्टचा ‘डी फ्रॉयडलोझे गासे’ (1925) त्याच्याच पटकथेवर उभा आहे. त्याच वर्षी त्याने बर्लिनमध्ये ‘डी लिटरारिशे वेल्ट’ हे साप्ताहिक सुरू केले. छायाचित्रणाच्या इतिहासावरचा वाल्टर बेन्यामिनचा जो निबंध आज आपल्या अभ्यासक्रमांत भक्तिभावाने वाचला जातो, तो 1931 साली प्रथम याच साप्ताहिकात छापला गेला. 1933 नंतर हासला बर्लिन सोडावे लागले, 1939 साली प्राग. तो मुंबईला आला आणि जर्मनीत चित्रपटविद्या शिकून आलेल्या मोहन भवनानी यांच्यासाठी पटकथा लिहू लागला. प्रागचाच संगीतकार-मित्र वाल्टर कौफमान येथे 1934 पासून होता. आकाशवाणीची जी सुरावट ऐकत महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी सकाळचा पहिला चहा घेतला, तिचे श्रेय या कौफमानला दिले जाते.

विरशिंगचे साधन प्रकाश. प्रकाशाला दुभाषा लागत नाही. कौफमानचे साधन स्वर, त्यालाही आपली वाट सापडली. हासचे साधन शब्द होते, आणि शब्दाला वतन लागते. ज्या संपादकाच्या साप्ताहिकातून जर्मन साहित्याची अभिरुची घडली, तो मुंबईत अशा भाषेतल्या चित्रपटांसाठी लिहीत होता, जिच्यात त्याचे एकही वाक्य त्याच्या स्वतःच्या रूपात पोहोचणार नव्हते. मात्र हे केवळ परकेपणाचे दुःख होते, असे म्हणण्याची घाई करू नये. याच भवनानींच्या ‘मिल’ (1934) या चित्रपटासाठी प्रेमचंदांनी कथा लिहिली होती. चित्रपट सेन्सॉरच्या कचाट्यात सापडला आणि प्रेमचंद वर्षभरातच मुंबईला कंटाळून बनारसला परतले. प्रेमचंदांना हिंदी येत होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे. लेखकाचे वतन चित्रपटसृष्टीत कुणालाच मिळत नाही. हासला ते मिळाले ते परत गेल्यावर. काफ्काने मिलेनाला लिहिलेल्या पत्रांची पहिली आवृत्ती 1952 साली त्यानेच संपादित केली.

मराठी अभ्यासकाने येथे शांतारामबापूंची आठवण ठेवावी, कारण त्यांची वाट उलटी आहे. ‘सैरंध्री’च्या रंगांच्या कामासाठी ते 1933 साली जर्मनीला गेले. तेथून परतल्यावर ‘प्रभात’ने पुण्यात जो पहिला चित्रपट केला, त्या ‘अमृतमंथन’मध्ये (1934) राजगुरूचा पडदाभर डोळा आहे, मशालींचा उजेड आहे, भिंतींवर चढणाऱ्या सावल्या आहेत. जर्मन माणूस नाही, पण जर्मन छायाप्रकाशाचे व्याकरण मराठी संवादांना जोडलेले आहे. मालाडला जर्मन माणसे होती, आणि गंमत अशी, की त्यांच्या चित्रपटांत ते छायाप्रकाशाचे व्याकरण फार जपून, मऊ करून वापरलेले दिसते. हिमांशू राय यांना भीती नको होती, सभ्यता हवी होती. प्रभाव हा शब्द समीक्षेत आपण सैलपणे वापरतो. तो माणसांबरोबर प्रवास करतोच असे नाही.

सप्टेंबर 1939 मध्ये महायुद्ध पेटले, तेव्हा लीला चिटणीस नायिका असलेल्या ‘कंगन’चे काम मालाडला चालू होते. जर्मन मंडळी शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली. अहमदनगर, देवळाली, पुढे सातारा आणि पुरंदर ही नावे मराठी इतिहासात वेगळ्याच कारणांनी येतात. त्या वर्षांत तेथे जर्मनांच्या स्थानबद्धतेच्या छावण्या होत्या. सरकारी दृष्टीला पारपत्र दिसत होते, बाकी काही दिसत नव्हते. नाझी पक्षाचे सभासद आणि नाझींपासून पळून आलेले ज्यू निर्वासित आरंभी एकाच तारेच्या आत होते. ऑस्टेनला 1940 साली सोडण्यात आले. तो जर्मनीला परतला, 1956 साली वारला आणि पुन्हा त्याने कधी चित्रपट दिग्दर्शित केला नाही. विरशिंग युद्ध संपेपर्यंत छावण्यांत राहिला आणि सुटल्यावर मुंबईतच राहिला. ‘महल’मधला (1949) झोपाळा आणि अंधार त्याचे. ‘पाकीजा’चे चित्रण चालू असतानाच 1967 साली तो मुंबईत वारला. तो चित्रपट 1972 साली प्रदर्शित झाला, आणि त्यातही रात्रीची आगगाडी आहे.

त्या वर्गाच्या सत्रान्त परीक्षेत ‘अछूत कन्या’च्या कर्तृत्वावर प्रश्न विचारण्यात आला. बहुतेकांनी श्रेयनामावली लिहिली, काहींनी बार्थ लिहिला. फाटकवाल्याच्या मुलीने उत्तराचा आरंभ असा केला होता: ‘1936 साली मालाड येथे अछूत कन्या हा चित्रपट तयार झाला.’ अकर्मक क्रियापद, प्रत्यय नाही, करणारा कुणीच नाही. तपासणाऱ्याने त्याखाली तांबडी रेघ ओढून समासात लिहिले, ‘कोणी केला?’ उत्तरपत्रिका पाहायला मिळाली तेव्हा ती त्या रेघेपाशी बराच वेळ थांबली. मग तिने विचारले की ऑस्टेनचे नाव लिहायचे तर त्याचे सभासदत्वही लिहावे लागेल, आणि दुखियाचे लिहायचे तर त्याची गेलेली नोकरी. एवढ्याला या प्रश्नाला दहाच गुण का ठेवले?