घरखाती नावे

जुन्या व्यापाऱ्यांच्या कीर्दीत एक नोंद हमखास आढळते : ‘घरखाती नावे’. गल्ला मालकाचाच, तथापि मुलाच्या पाटीपुस्तकांसाठी त्यातून पाच रुपये उचलले, तरी ते घरखाती नावे पडत. आपलेच पैसे आपण घ्यावेत आणि तेही लिहून ठेवावेत, हा रिवाज वरवर पाहता अनावश्यक वाटेल. परंतु कित्येक पेढ्यांची पत या एका नोंदीने राखली, असे माझे मत वकिली करताना बनत गेले आहे.

आता गल्ल्याचे काम पुष्कळ अंशी क्रेडिट कार्ड करते. सकाळी दुकानाचा माल आणि सायंकाळी घरचा किराणा यांतला भेद त्याला कळत नाही. माझ्या कचेरीसाठी कार्ड वापरावयाचे ठरले, तेव्हा हाच प्रश्न मजपुढे आला. कायद्याची पुस्तके, टपाल, कारकुनाचा प्रवास हे सारे वैयक्तिक कार्डावर सहज भागले असते. तरीही मी व्यवसायाचे निराळे कार्ड पसंत केले. आपल्या समाजातील अनेकांची उपजीविका लहानमोठ्या धंद्यांवर चालते, म्हणून त्यामागचा विचार येथे मांडतो.

पहिला विचार कराचा. व्यवसायाच्या खर्चाची वजावट मिळते ती सर्वस्वी व्यवसायासाठीच केलेल्या खर्चाची. 1961 च्या आयकर कायद्याच्या 37 व्या कलमातील हे तत्त्व 2025 च्या नव्या कायद्यानेही राखले आहे. वस्तू व सेवा कराच्या 2017 च्या कायद्यातही खाजगी उपभोगाच्या वस्तूंवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. एकाच कार्डावर दोन्ही खर्च असले, म्हणजे वर्षअखेर कोणती रक्कम कोठली हे स्मरणाने ठरवावे लागते; आणि स्मरणासारखा पक्षपाती साक्षीदार मी न्यायालयात दुसरा पाहिला नाही. अर्थात कार्डाचे विवरणपत्र म्हणजे पावती नव्हे. कराची रीतसर बिले जपावीच लागतात.

गोमंतकात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पोर्तुगीज नागरी संहितेच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखाली येणाऱ्या पतिपत्नींचे वेतनाखेरीजचे उत्पन्न आयकरासाठी निम्मेनिम्मे विभागले जाते. दुकान पतीच्या नावावर असले, तरी नफ्याचा अर्धा भाग पत्नीच्या विवरणपत्रात जातो, आणि त्याखाली सही तिची असते. कर खात्याची नोटीस हाती घेऊन आलेल्या एका बाईंनी मला विचारले होते, “सय हांवें केल्या, पूण हिशोब म्हाका कोणें दाखयला?” शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांपाशी उत्तर नव्हते. ते लबाड नव्हते. त्यांच्या एकाच कार्डात दुकान आणि घर असे मिसळले होते, की त्यांनाच काही उलगडेना.

येथवर निराळ्या कार्डाचा गुण सांगितला. आता त्याची मर्यादा. कार्ड हिशेब वेगळा करते, दायित्व वेगळे करीत नाही. कंपनी आणि तिचा भागधारक या दोन भिन्न व्यक्ती होत, हे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1896 मध्ये सॉलोमन खटल्यात ठरविले. आपल्याकडे देवमूर्तीलाही कायद्याने व्यक्ती मानतात. 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने ते स्पष्ट शब्दांत सांगितले. म्हणूनच देवाचा रुपया खजिनदाराचा होत नाही. एकट्या मालकाच्या दुकानाला मात्र असे स्वतंत्र व्यक्तित्व नाही. कार्डावर दुकानाचे नाव छापले, तरी कर्ज मालकाचेच, आणि वसुली त्याच्या घरापर्यंत पोहोचू शकते. भागीदारीत तर 1932 च्या कायद्याप्रमाणे पेढीच्या देण्यास प्रत्येक भागीदार बांधलेला असतो.

आणखीही दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनी व्यवसायाच्या कार्डांना व्यवसायाच्या खर्चापुरती मान्यता दिली, आणि 2024 च्या दुरुस्तीने त्या पैशाच्या विनियोगावर लक्ष ठेवण्याचे काम बँकांवर सोपविले. तेव्हा अशा कार्डावर घरचे लग्न उरकणे योग्य नव्हे. दुसरे असे, की व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेली सेवा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे तंटा उद्भवल्यास तुम्ही ग्राहकच नव्हे, असा आक्षेप बँक घेऊ शकते. कार्ड कोणतेही असो, मुदतीत पूर्ण रक्कम न भरल्यास अनेक बँका दरमहा 3 ते 3.75 टक्के, म्हणजे वर्षाला 36 ते 45 टक्के व्याज लावतात. इतका नफा देणारा किराणा धंदा माझ्या पाहण्यात नाही.

हे सारे जमेस धरूनही माझा कौल निराळ्या कार्डालाच आहे. मात्र त्याला जुन्या रिवाजाची जोड हवी. घरासाठी व्यवसायातून पैसा अवश्य घ्यावा, पण ठरलेली रक्कम, ठरलेल्या दिवशी आणि लिहून. माझ्या कचेरीच्या खात्यातून दरमहा अशी रक्कम घरखात्यात जाते, आणि दोन्ही कार्डांची विवरणपत्रे मी पत्नीपुढे ठेवतो. ती पेन्सिल घेऊन बसते, चार ठिकाणी खुणा करते, आणि प्रत्येक खुणेचे उत्तर मला द्यावे लागते. वर्षअखेर ती आपल्या विवरणपत्रावर सही करते, तेव्हा कशावर सही करीत आहे हे तिला ठाऊक असते.